नकाशावरचा ठिपका

नकाशावर ओडेल हॅचरचं घर हिरव्या ठिपक्यात आहे.
हिरवा म्हणजे: इथे इंटरनेट पोहोचलं.
ठिपका पडलाय तळ्यात, घरापासून दोनशे पावलांवर,
तेव्हा पोहोचलं असेलच तर बेडकांना, असं ओडेल म्हणतो.

वेस्ट व्हर्जिनियातल्या या डोंगरावर
चार वर्षांपूर्वी एक पिवळं यंत्र आलं,
रस्त्याकडेला चर खणला, नारिंगी नळी पुरली,
तिचं तोंड ओडेलच्या फाटकाशी वर काढलं,
बूच मारलं आणि गेलं.
मग फलक लागला: योजना कुणाची, निधी कुणाचा,
वॉशिंग्टनपासून काउंटीपर्यंत सगळ्यांची नावं.
फलक अजून कोरा करकरीत आहे.
नळीवर वर्नाने घेवड्याचा वेल चढवलाय.

मी खाली गावात औषधांचं दुकान सांभाळते.
शनिवारी त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन वर येते
अन् स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याचे सरकारी कागद वाचते.
ठिपका चुकला असेल तर तक्रार करा, कागद म्हणतो.
तक्रार फक्त ऑनलाइन स्वीकारली जाईल.

ओडेलने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"म्हणजे विहीर कोरडी आहे हे कळवायचं,
तेही तिच्यातलंच घोटभर पाणी सोबत नेऊन?"

मी त्याला आमच्याकडची म्हण सांगितली,
सरकारी काम अन् सहा महिने थांब.
तो इतका हसला की वर्ना आतून बघायला आली.
"सहा महिने! फार चपळ सरकार आहे गं तुमचं."

मला लगेच हसू आलं नाही.
माझे वडील कराडला टेलिफोन खात्यात होते,
प्रतीक्षायादीचे कारकून.
लोक पेढे आणायचे, आंबे, एकदा तर जिवंत कोंबडा.
अण्णा सगळं परत पाठवायचे.
आमच्या घरचा फोन नवव्या वर्षी आला,
यादीत नंबर लागला तेव्हाच, एक दिवस आधी नाही.
ज्या मामासाठी तो हवा होता, तो तोवर गेला होता.
त्या माणसाचा अभिमान बाळगू की त्या यादीचा राग धरू,
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर, हॅचरची तक्रार मी गाडीत बसून भरली,
बर्गरच्या दुकानामागे, जिथे फुकटचं वायफाय
तळणाच्या वासासकट मिळतं.
उत्तर सात आठवड्यांनी आलं,
त्याच्याच ईमेलवर, जो तो उघडू शकत नाही.
छापून वर नेलं. वाचून दाखवलं:
पुरावा अपुरा. कृपया आपल्या घरच्या
इंटरनेटच्या वेगाची मोजणी जोडावी.

रेडिओवर तेव्हा कुणीतरी सांगत होतं
की इंटरनेटसाठी नवा कायदा येतोय,
कुणी काय पाहावं, कुणाला अडवावं,
वयाचा दाखला कुणी कुणाला द्यावा.
"राखणदार नेमतायत," ओडेल म्हणाला. "शेत कुठाय?"
मग तो कागद घडी घालून
डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सारला.
टेबल स्थिर झालं. "बघ, काहीतरी उपयोग झाला."

निघाले तेव्हा अंधारलं होतं.
वळणावरून त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसतो,
सगळ्या उतारावर तेवढाच.
त्याची आई लग्न होऊन आली तेव्हा
हा डोंगर कुठल्याच कंपनीला परवडत नव्हता,
सरकारनेच खांब रोवले, तार ओढली.
हे ओडेलनेच मला सांगितलेलं, एकदाच, हळू आवाजात,
आपलंच मत फुटल्यासारखं.

पुढच्या शनिवारी वेग मोजायचा आहे.
फॉर्म मी आधीच उघडून पाहिलाय.
ती चौकट शून्य घेत नाही.